ओल्या हवेतला शाफ्ट

श्रावण संपत आला की आमच्या घाटकोपरच्या घरात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. काडेपेटीतली तिसरी-चौथी काडी कशीबशी पेटते. बाथरूमचं दार फुगून चौकटीला घासायला लागतं आणि पापड तळणीत पडायच्या आधीच मऊ झालेले असतात. परवा सूनबाई मिठात तांदळाचे दाणे टाकता टाकता म्हणाली, "आई, हवाच किती ओली आहे हो!" ती सहज बोलली आणि कामाला लागली. मी मात्र हातातली पोळी तशीच धरून उभी राहिले.

हवा ओली आहे, हे वाक्य मला एकदा अगदी वेळेवर कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हा मी ते ऐकून घेतलं नाही. त्या गोष्टीला आता चाळीस वर्षं होत आली, तरी भाद्रपद जवळ आला की ते दिवस वासासकट परत येतात. तापलेल्या लोखंडाचा, ॲसिटिलीन वायूचा, ओल्या गोणपाटाचा आणि कुणाच्या तरी डब्यातल्या सुक्या जवळ्याचा असा सगळा मिळून तो वास असतो.

साकीनाक्याच्या आतल्या गल्लीत आमचा गाळा होता. आता तिथे डोक्यावरून मेट्रो जाते आणि गाळ्याच्या जागी काचेची इमारत आहे. तिच्या दारातला वॉचमन मला "किधर जाना है?" असं विचारतो. त्या काळी गल्लीच्या तोंडाशी म्हशींचा गोठा होता आणि पावसाळ्यात शेण, चिखल आणि कटिंग ऑइल यांचा एकच रबरबाट व्हायचा. घाटकोपरहून बसने यायचं, नाक्यावर उतरायचं, साडीच्या निऱ्या एका हातात, छत्री दुसऱ्या हातात, आणि विटांवरून पाय टाकत गाळ्यापर्यंत पोचायचं. मी बावीस वर्षांची होते. मेटलर्जीचा, म्हणजे धातुशास्त्राचा, डिप्लोमा नुकताच झालेला. आमच्या बॅचमध्ये मुली दोनच होत्या. दुसरीचं लग्न झालं आणि मी नोकरीला लागले.

गाळ्यात झिजलेल्या लोखंडाला पुन्हा अंग द्यायचं काम चालायचं. पंपाचा शाफ्ट, छपाईच्या मशीनचा रोलर, कुठल्याशा कारखान्यातला दांडा, असं काहीतरी वर्षानुवर्षं फिरून एका जागी झिजलं की लोक ते आमच्याकडे आणायचे. आधी ती जागा जोराच्या हवेने बारीक टोकदार लोखंडी कण मारून खरखरीत करायची. पाट्याला टाकी लावल्यावर तो कसा दिसतो, तशी. याला आम्ही ब्लास्टिंग म्हणायचो. मग शाफ्ट लेथवर फिरता ठेवायचा आणि बंदुकीसारख्या एका यंत्रातून धातू फवारायचा. मागून तार आत शिरायची, पुढे ज्योतीत वितळायची, आणि हवेच्या झोताने तिचे थेंब सुसाट जाऊन शाफ्टवर चापट बसायचे. भिंतीवर शेण्या थापाव्यात तसे एकावर एक, एकाला लागून एक. जाड थर झाला की तो पुन्हा मापात कातायचा. झाला शाफ्ट नवा!

पण शेणी भिंतीला धरते ती भिंत खरखरीत आणि कोरडी असेल तरच. फवारलेला धातूही तसाच असतो. वेल्डिंगसारखा तो खालच्या लोखंडाशी एकजीव होत नाही. तो फक्त घट्ट धरून बसतो. धरायला चांगली जागा मिळाली नाही तर सुटतो. माझ्या डिप्लोमाच्या पुस्तकात हे दीड पानात होतं आणि मला ते पाठ होतं.

गाळ्याचे मालक नाडकर्णी साहेब. पन्नाशीचे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला शाईचा डाग ठरलेला. स्वतः इंजिनिअर, मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून हा उद्योग काढलेला. त्यांनी मला घेतलं ते एका कारणासाठी. पावसाळ्यात त्यांच्या कामांच्या तक्रारी वाढायच्या. "सुलभा," ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "उन्हाळ्यात आमचं काम झकास असतं. पावसाळ्यात दहातलं एखादं साल सुटल्यासारखं सुटतं. का सुटतं, ते शोधून काढ. क्वालिटी सुधार. तेवढंच तुझं काम."

आणि फवारणारे होते परबकाका. मालवणकडचे. तीस वर्षं परळच्या गिरणीत फिटर होते. संपात गिरणी गेली, तेव्हा मुलुंडच्या चाळीतल्या एका शेजाऱ्याच्या ओळखीने इथे आले. बंदूक हातात घेतली की त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नसे. शाफ्टपासून वीतभर आणि चार बोटं, एवढं अंतर ते न मोजता राखत. ज्योतीच्या आवाजावरून त्यांना कळे, ऑक्सिजन जास्त झाला की तार अडकली. मला ते "बाई" म्हणत आणि माझ्याशी बोलताना आपलं मालवणी थोडं इस्त्री करून वापरत.

मी कामाला लागले. दोन महिन्यांत मी एक फॉर्म तयार केला. अकरा रकाने, सायक्लोस्टाइल केलेला, वर गाळ्याचं नाव, खाली माझी सही आणि साहेबांची सही. प्रत्येक कामाची माहिती त्यात लिहायची. माझी सगळ्यात मोठी सुधारणा म्हणजे सहावा रकाना: ब्लास्टिंगनंतरची तपासणी. कुठलंही काम ब्लास्टिंग झाल्यावर मी पाहिल्याशिवाय फवारायचं नाही. मी भिंग घेऊन यायची, पृष्ठभाग सगळीकडून बघायची, खरखरीतपणा नीट आहे का म्हणून बोटं फिरवायची, आणि मग शांतपणे फॉर्म भरायची. याला अर्धा तास लागे, कधी तास. माणसं बंदूक बाजूला ठेवून माझी वाट बघत उभी राहायची. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं. पहिले कित्येक दिवस ज्या माणसांनी माझ्याकडे नीट पाहिलंही नव्हतं, ती आता माझ्या सहीसाठी थांबत होती.

आषाढातल्या एका सकाळी गोराईहून पास्कल आला. खाडीत त्याची लाँच चालायची, बोरिवलीच्या बाजूहून गोराईला आणि परत. लाँचच्या पंख्याचा शाफ्ट जिथे बोटीच्या बुडातून बाहेर पडतो तिथे तो झिजला होता. त्या जागी शाफ्टभोवती तेलकट दोरी घट्ट ठासलेली असते, पाणी आत येऊ नये म्हणून. शाफ्ट झिजला की दोरीची पकड सुटते. पास्कल म्हणाला, "गणपतीत गर्दी असते. त्याच्या आधी द्या म्हंजे झाला."

तो शाफ्ट लेथवर चढला त्या दिवशी बाहेर पाऊस नव्हता, पण भिंती घामेजल्या होत्या. ब्लास्टिंग झालं. मी भिंग घेऊन आले. परबकाका बाजूला उभे होते. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "बाई, जरा बेगीन आटपा. हवा ओली आसा."

मी मान वर न करता म्हणाले, "काका, नियम म्हणजे नियम. घाईनेच तर कामं बिघडतात."

मागे उभी माणसं माझ्याकडे बघून हसली. काका गप्प झाले. मी बोटं फिरवली, फॉर्म काढला, तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. मी डबा खाल्ला, हात धुतले, परत येऊन उरलेले रकाने भरले, सही केली. दीड तास तरी गेला असेल. मग काकांनी फवारलं. थर सुरेख बसला. कातल्यावर आरशासारखा चमकला. पास्कल त्याच्यावरून हात फिरवत म्हणाला, "नवीन दिसते!"

गणपतीच्या चार दिवस आधी तो परत आला. या वेळी त्याने नाडकर्णी साहेबांच्या टेबलावर रुमाल सोडला. रुमालात धातूची सालं होती. वाकलेली, बोटभर लांबीची, नारळाच्या करवंटीच्या तुकड्यांसारखी.

"बोट खाडीच्या मध्यावर होती," तो म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "ह्या सालांनी दोरी फाडली. पानी भरला. इंजिन बंद. ओहोटी लागलेली, बोट चालली दर्याकडे. पंचवीस माणसं होती साहेब. बायका डब्यांनी, पातेल्यांनी पानी उपसत होत्या. माझी बायको रोझी पण बोटीन होती, आमच्या धाकटीला कडेवर घेऊन, एका हातान उपसत होती. मच्छीवाल्यांची होडी आली, दोर टाकला, म्हणून आज मी हितं बोलतोय."

गाळ्यात लेथसुद्धा थांबले होते. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "हे काम कुणी केलं?"

मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते का, हे मी स्वतःला पुढे अनेकदा विचारलं आहे. त्याच्या आधी परबकाका पुढे झाले.

"फवारा माझा होता. चूक माझी."

पास्कलने त्यांच्या पिकल्या केसांकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हातारा मानूस हाय म्हणून काय बोलत नाय," आणि शाफ्ट टेम्पोतून उतरवून ठेवून निघून गेला. टेबलावर रुमाल तसाच राहिला.

मी एक साल उचलून पालथं केलं. वरची बाजू लखलखीत. खालची बाजू, जी लोखंडाला धरून बसायला हवी होती, तिच्यावर हळदीच्या डागासारखी फिकट तांबूस झाक. गंज! पण ती झाक खाऱ्या पाण्यानेही आली असेल. मी स्वतःला तसं सांगितलं. दिवसभर सांगत राहिले. संध्याकाळी बस असल्फ्याच्या चढावर रखडली, पत्र्यांच्या घरांतून स्टोव्हची घरघर येत होती, आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: हवा ओली आसा. घरी आईने विचारलं, "काय गं, तोंड का एवढंसं?" मी म्हणाले, "डोकं दुखतंय." आईने सहाणेवर सुंठ उगाळून कपाळाला लावली. आपण लायक नसलेल्या मायेचं असं ओझं होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी मी काकांना कोपऱ्यात गाठलं. "काका, मला एक प्रयोग करायचाय. मदत कराल?"

त्यांनी काही न विचारता मान हलवली.

आम्ही जुन्या दांड्याचे सहा तुकडे कापले. सगळ्यांना एकाच वेळी ब्लास्टिंग केलं. पहिल्यावर लगेच फवारा मारला. दुसऱ्यावर पाव तासाने, तिसऱ्यावर अर्ध्या, चौथ्यावर एका तासाने, पाचव्यावर दीड तासाने. सहाव्यावर मी आधी माझी तीन बोटं फिरवली, नेहमी फिरवायची तशी, आणि त्यावरही काकांनी लगेच फवारलं. मग तुकडे गार होऊ दिले आणि काकांनी छिन्नी-हातोडी घेतली.

पहिल्या तुकड्यावर छिन्नी नुसती घसरली. थराला खाच पडली, पण तो जागचा हलेना. दुसराही तसाच. तिसऱ्याची कड जराशी उचलली. चौथ्यावर दोन घाव पडले आणि एक पापुद्रा सुटला. पाचव्यावर एकच घाव बसला आणि सगळा थर बिस्किटासारखा निघून जमिनीवर पडला. त्याच्या पाठीवर तीच फिकट तांबूस झाक होती. इथे ना समुद्र होता, ना खारं पाणी. होती ती फक्त साकीनाक्याची हवा.

सहावा तुकडा बहुतेक ठिकाणी घट्ट होता. तीन जागा सोडून. त्या तीन जागा माझ्या घामट बोटांच्या होत्या.

मी स्टुलावर बसले. ब्लास्टिंगने उघडं पडलेलं कोरं लोखंड पावसाळ्यातल्या हवेत किती लवकर गंजायला लागतं, डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी, हे माझ्या समोर पडलं होतं. उन्हाळ्यात माझ्या तपासणीने काही बिघडत नव्हतं. पावसाळ्यात ती तपासणीच बिघाड होती. ज्याला मी सुधारणा म्हणत होते, त्यामुळेच पास्कलची बोट बुडायला आली होती.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

ते छिन्नीची धार अंगठ्याने बघत राहिले. "तू इचारलंस म्हणान सांगतंय," ते म्हणाले. पहिल्यांदाच मला "तू" म्हणाले, आणि मालवणीला इस्त्रीही केली नाही. "काम ताजा, गरम आसतानाच मारूक व्हया. गिरणीत आमी असाच करू. पुस्तक कोणी वाचला नव्हता, पण हाताक ठावक होता."

"मग त्या दिवशी जोरात का नाही बोललात? मला थांबवायचं होतंत!"

"सगळे हसाक लागले तुका बघून. तू नवीन, त्यात बाईमाणूस. मी तुका सगळ्यांसमोर खोटी पाडलंय असतंय, तर ह्या लोकांनी तुझो कागद दुसऱ्या दिवशी चुलीत घातलो असतो. बाये, गिरणीत तीस वर्सां काढलंय. आमच्या कामाचा कोणी कधी कागदार लिवन ठेवला नाय. तू लिवक लागलंस. माका वाटला, कागद ऱ्हावाक व्हयो. हळूहळू सुधारात."

मला रडू आलं. ते आवरत मी म्हणाले, "माणसं बुडाली असती काका."

काकांनी छिन्नी खाली ठेवली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "व्हय. ता माझ्या वांगडा ऱ्हवतला."

ते दुःख आता आपल्या सोबतीला राहणार, असं ते सांगत होते. आम्ही दोघांनी मिळून चूक केली होती. मी अभिमानाने आणि त्यांनी मायेने. त्या माणसाने माझ्यासाठी गप्प राहून मला सांभाळलं, पुढे होऊन दोष अंगावर घेतला. पण मी आज त्यांची जी आठवण जपते ती या दोन्हींसाठी नाही. विचारल्यावर त्यांनी खरं सांगितलं, माझ्या डोळ्यांत बघून स्वतःची चूकही मान्य केली, त्यासाठी. शांत राहून दिलेली माया पुष्कळांकडून मिळते. खरं बोलून दिलेली क्वचित.

सहा तुकडे पाटीत घालून मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "चूक काकांची नाही सर, माझी आहे. मी राजीनामा लिहून आणलाय."

"तो ठेव पर्समध्ये," नाडकर्णी साहेब म्हणाले. "आधी तुकडे दाखव." त्यांनी एकेक तुकडा उजेडात धरून पाहिला. सहाव्याशी थांबले. तीन बोटांच्या जागांवरून त्यांनी पेन्सिल फिरवली. मग ड्रॉवरमधून पास्कलच्या कामाचा फॉर्म काढला. "खाली दोन सह्या आहेत. एक तुझी, एक माझी. मी हा वाचलाच नव्हता. ब्लास्टिंग किती वाजता आणि फवारा किती वाजता, हे मला एका नजरेत दिसायला हवं होतं. रकाना आहे, दोन्ही वेळा लिहिल्यात. इतकं नीट लिहिलंयस की चूक शोधायला तुझाच फॉर्म पुरेसा आहे." मग किंचित हसून म्हणाले, "आता वाट लावलीच आहेस, तर ती सरळ पण तूच कर."

पुढचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सर्वांत गर्दीचे आणि सर्वांत सुखाचे. आम्ही तपासणी ब्लास्टिंगच्या आधी आणली. ब्लास्टिंगनंतर फक्त नजर, हात नाही. हात लावायचाच तर धुतलेले सुती मोजे. भिंतीवर घड्याळ टांगलं आणि खाली खडूची पाटी. ब्लास्टिंग संपलं की वेळ लिहायची, आणि पावसाळ्यात पाव तासाच्या आत ज्योत पेटलीच पाहिजे. नाही पेटली तर काम पुन्हा ब्लास्टिंगला. फवारायच्या आधी शाफ्टवर नुसती ज्योत फिरवून तो कोमट करायचा, म्हणजे अंगावरची ओल उडून जाते. ही काकांची गिरणीतली रीत. कोपरा ताडपत्रीने बंद करून आत मोठे दिवे लावले, त्याची एक उबदार खोलीच झाली. जेवणाच्या सुट्टीत माणसं तिथे टॉवेल वाळवायला लागली, तेव्हा मी ओरडले, "अरे, ओल घालवायला खोली केली आणि तुम्ही ओल आत आणता?" या वेळी सगळ्यांबरोबर मीपण हसले.

मग लक्षात आलं की हवा बाहेरचीच नाही, नळीतलीही ओली आहे. काकांनीच दाखवलं. फवाऱ्याच्या नळीपुढे त्यांनी आपलं स्वच्छ धोतराचं फडकं धरलं आणि नुसती हवा सोडली. मिनिटभरात फडक्यावर ओला डाग, मध्ये तेलाचं पिवळं कडं. कॉम्प्रेसरच्या टाकीत पावसाळ्यात पाणी साठतं, ते हवेबरोबर येतं आणि आपण इमानेइतबारे तेच कोऱ्या लोखंडावर फुंकत होतो! मग दर दोन तासांनी टाकीचं पाणी सोडायचं, मध्ये गाळणी बसवायची, आणि रोज सकाळी फडक्याची परीक्षा. झिजून गोल झालेले लोखंडी कण चाळून टाकायचे, कारण बोथट कण लोखंडाला चावत नाहीत. यातली एकही गोष्ट मोठी नव्हती. पण त्या भाद्रपदानंतर पुढच्या पावसाळ्यात साल सुटल्याची तक्रार आली नाही. त्याच्या पुढच्यातही नाही.

फॉर्ममध्ये मी बारावा रकाना वाढवला: फवारणाऱ्याचं म्हणणं. पहिले काही दिवस तो कोराच राहायचा. मग काकांनी बालवाडीतल्यासारख्या मोठ्या अक्षरांत लिहायला सुरुवात केली. "तार वाकडी." "आज दम लागला, थर दोन वेळात मारला." "बाईंनी विचारले. ठीक." पुढे मी तीन नोकऱ्या बदलल्या, मोठ्या कारखान्यांत गेले, वातानुकूलित प्रयोगशाळा मिळाल्या. जिथे गेले तिथे हा रकाना घेऊन गेले. कुणी विचारलं, हा कुठल्या पद्धतीतला, तर मी सांगते, साकीनाका पद्धतीतला. काका तिथूनच निवृत्त झाले आणि गावी गेले. दरवर्षी मे महिन्यात त्यांच्याकडून आमसुलं यायची, आणि सोबत चिठ्ठीत तेच मोठं अक्षर. ते गेल्याचं कळलं तेव्हा मी ऑफिसात होते. हातातला फॉर्म पूर्ण वाचला, मग सही केली. मला दुसरं काही सुचलं नाही.

पण मला आज सगळ्यात जास्त आठवतो तो गोराईचा दिवस. शाफ्ट आम्ही पुन्हा केला, सगळं नीट पाळून. पास्कलकडे तो घेऊन जायला काका निघाले, तेव्हा मी म्हणाले, "मीपण येते. त्याला खरं सांगायचंय." गणपती होऊन गेले होते. बोरिवलीच्या बाजूच्या धक्क्यावर लाँच चिखलात कलंडलेली होती. काका आणि पास्कल यांनी मिळून शाफ्ट बसवला, दोरी ठासली. भरती चढून बोट उभी राहिली, तेव्हा मी पास्कलला सगळं सांगितलं. तपासणी, दीड तास, तीन बोटं. "चूक यांची नव्हती, माझी होती," मी म्हणाले.

तो तेलाचे हात पुसत ऐकत होता. शेजारी एक बाई माशांच्या टोपलीवर हात ठेवून उभी होती. तिच्या कडेवर छोटी मुलगी. ती रोझी, हे मला न सांगता कळलं.

"आता नीट हाय म्हणतेस?" पास्कलने विचारलं.

"हो."

"मग पयल्या फेरीला तू बस."

मला पोहता येत नाही. मी काकांकडे पाहिलं. ते आधीच बोटीत चढत होते. मी चप्पल हातात घेतली आणि त्यांच्या मागून चढले. रोझी लेकीला घेऊन चढली आणि माझ्या बरोबर समोर बसली. इंजिन धडधडलं. धक्का मागे गेला, तिवरांची झाडं मागे गेली, आणि खाडी रुंद होत गेली.

मध्यावर पास्कलने पायाखालची फळी उचलली आणि मला खूण केली. मी वाकून पाहिलं. शाफ्ट फिरत होता, आणि दोरीच्या कडेतून पाण्याचा एक थेंब पडला. मग दुसरा. मी ओरडले, "पाणी येतंय!"

"येऊ दे," तो म्हणाला. "तेवढा लागते. थेंब नाय पडला तर दोरी जळेल. एवढी शिकलीस, हे नाय शिकवला?"

काका मोठ्याने हसले. मीही हसले असते, पण रोझी हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, निघाल्यापासून तशीच. तिचे दोन्ही हात लेकीभोवती घट्ट होते. मी तिच्याशी काय बोलणार होते? क्षमा मागायला शब्द होते माझ्याकडे, पाठ करून आणले होते. त्या नजरेपुढे ते सगळे हलके वाटले. मी फक्त नजर खाली न घालता बसून राहिले. थेंब पडत राहिले. शाफ्ट फिरत राहिला.

गोराईचा धक्का आला. पास्कलने दोर फेकला. सगळे उतरायला लागले. रोझीने लेकीला आधी वर दिलं, टोपली दिली, मग स्वतः उतरली. मी मागे राहिले होते. बोट हलत होती, धक्क्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या, आणि माझ्या एका हातात चप्पल, दुसऱ्यात साडी.

रोझी दोन पायऱ्या चढून थांबली. मागे वळली. परत खाली आली आणि तिने माझ्यापुढे हात केला.

"ये," ती म्हणाली. "जपून. चिखल हाय."